पडद्याबाहेर गेलेलं बटण

तीर्थस्वरूप दादा यांना,

धाकट्या आणि (तुमच्या मते) लांबण लावणाऱ्या भावाचा वाकून नमस्कार. पत्रास कारण काहीही नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही शेवटचं पान आधी वाचायला जाणार नाही. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? ही म्हणते डावा, पण हिला डावं-उजवं कधीच कळलेलं नाही.) वहिनींची पाठ आता बरी असेल. खिडकीपाशी बसून अजून शब्दकोडी सोडवता ना? मी बरा आहे. डॉक्टर म्हणतात, बोलताना माझा रक्तदाब वाढतो. ही म्हणते, न बोलताना जास्त वाढतो. दोघांचंही ऐकायचं म्हणून मी पत्र लिहायला घेतलं आहे.

आपली शेवटची भेट वाचनालयाच्या सभेत झाली, त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही अध्यक्ष होतात, मी वक्ता होतो. मी नुकताच विषयाच्या दारापर्यंत पोचलो होतो (जेमतेम चाळीस मिनिटं झाली असतील) आणि तुम्ही टेबलावरची घंटा वाजवलीत. तो विषय मी आज काढणार नाही. मी मोठ्या मनाने तो केव्हाच सोडून दिला आहे. फक्त तिसऱ्यांदा वाजवायची गरज नव्हती, एवढंच. एकदा ऐकू आली होती.

तर हकीकत अशी की आमच्या जवळच्या मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभाला मला बोलावलं होतं. विषय ‘वाचनाचे महत्त्व’. मी तयारी करून गेलो, पण सभागृहाकडे जाताना बोळात भिंतीला टेकून ठेवलेले एकोणीस जुने संगणक दिसले. त्यांच्यावर खडूने फुली मारली होती. शिपाई म्हणाला, भंगारवाला यायचाय. दादा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. वाचन बाजूलाच राहिलं. मी त्या एकोणीस यंत्रांवर बोललो. म्हणालो, ही मेलेली नाहीत, आपण यांना टाकलं आहे! ज्या कंपनीने यांना कालपर्यंत चालवलं, तिची नवी आवृत्ती आज यांना दारात उभं करत नाही, म्हणून यांनी मरायचं? काम करायची ताकद अंगात असताना ज्याला फुली मारली जाते, त्याचं दुःख या सभागृहात कोणाकोणाला कळतं? (पहिल्या रांगेतले तीन निवृत्त शिक्षक डोळे पुसत होते.) टाळ्या अशा पडल्या की कबुतरं उडाली.

समारंभानंतर चहा झाला. या शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या कमी बोलतात आणि समोरच्याचं सगळं लक्षात ठेवतात. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि विचारलं, “छान बोललात. मग सोमवारी किती वाजता येताय?” मी म्हटलं, “कशाला?” त्या म्हणाल्या, “उठवायला. मेलेली नाहीत ना?”

अशा रीतीने मला एक खोली मिळाली. त्या खोलीवर शाळेच्या समितीचा डोळा होता; त्यांना तिथे मोडकी बाकं ठेवायची होती. मोठ्या बाईंनी समितीशी ठरवून घेतलं की सहामाहीच्या शेवटी समितीने येऊन बघावं. एका मुलीने कोणाही मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय यंत्र सुरू करावं, एक पान लिहावं, ते जपून ठेवावं, यंत्र बंद करावं, पुन्हा सुरू करून तेच पान उघडून दाखवावं. जमलं तर खोली मुलींची, नाही जमलं तर बाकांची. मला ही अट अपमानास्पद वाटली, इतकी सोपी होती.

मी आयुष्यात संगणक आतून पाहिलेला नव्हता. म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजींना पकडलं. घड्याळं दुरुस्त करायला हल्ली कोणी येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे वेळही होता आणि बारीक स्क्रूड्रायव्हरही. पहिल्या यंत्राचं झाकण काढलं तेव्हा आम्ही दोघंही दोन पावलं मागे सरलो. आत इतकी धूळ होती की तिच्यात काहीतरी पेरता आलं असतं. दुसऱ्यात पेन्सिलींची सालपटं, तिसऱ्यात एक वाळकी पाल, चौथ्यात घडी घातलेली चिठ्ठी (‘बाई आज रागात आहेत’). कुठल्या फटीतून, कोणी, किती वर्षांपूर्वी टाकली असेल? मी यावर विचार करत उभा राहिलो. घड्याळजी म्हणाले, “साहेब, विचार नंतर करा. आधी हा पंखा धरा.”

पण दादा, खरी गंमत पुढे आहे आणि ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. ही यंत्रं आजारी असली की बोलतात! पडदा काळाच राहतो, पण आतून आवाज येतो. एक लांब, दोन आखूड. मग थांबतं आणि पुन्हा एक लांब, दोन आखूड. घड्याळजी गोंधळले. मी मात्र जागच्या जागी गार झालो. आपलं जुनं घर, जेवणाचं टेबल, तार खात्याच्या परीक्षेसाठी चमच्याने टकटक सराव करणारे तुम्ही, आणि समोर मी, आमटी गार होईपर्यंत लांब किती नि आखूड किती ते मोजणारा! मी घड्याळजींना ओरडून सांगितलं, हा बिघाड नाही, ही तार आहे, हे सांगतंय काहीतरी! आणि तसंच निघालं. यंत्रांबरोबर आलेल्या माहिती-पुस्तकात सापडलं की एक लांब दोन आखूड म्हणजे चित्र दाखवणारं कार्ड ढिलं झालंय. नुसतीच आखूड आखूड टकटक असली तर मेमरीची पट्टी रुसली आहे. ती काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं साधं खोडरबर फिरवायचं. फिरवलं. बसवली. यंत्र उठलं! इतकं गहन यंत्र, आणि औषध खोडरबर. हे कोणाला पहिल्यांदा सुचलं असेल? समोर खोडरबर होतं म्हणून, की दुसरं काहीच नव्हतं म्हणून?

उठल्यावर प्रत्येक यंत्र आपल्या जन्माच्या वर्षाची तारीख दाखवत होतं, कारण आतली गोळीएवढी बॅटरी संपलेली. मधे काय काय होऊन गेलं याचा त्याला गंधही नव्हता. घड्याळजींच्या खणात तीच बॅटरी निघाली. त्यांनी ती बसवताना जो चेहरा केला तो पाहायला हवा होता. माणसाला आपल्या खणातली वस्तू पुन्हा कोणाला तरी लागते आहे असं कळलं की त्याची मान सरळ होते.

एकोणीसपैकी तेरा उठली. सहांनी आपले अवयव इतरांना दिले. पण नुसतं उठून काय उपयोग? आत काम करायला काहीतरी हवं, तेही अशा म्हाताऱ्या यंत्राला झेपेल असं हलकं. ते तुमच्या पुतणीने दिलं. ती दूरच्या शहरात याच धंद्यात आहे. तिने बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर सगळंच पाठवलं: यंत्र चालवणारं, लिहायचं, चित्रं काढायचं. म्हणाली, “बाबा, हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं.” मी म्हटलं, असं कोण देतं? तर म्हणाली, परवाना वाचा. मी वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. (ती म्हणते, हा परवाना पूर्ण वाचलेला तिला भेटलेला मी पहिलाच माणूस.) दादा, मी आयुष्यभर व्यासपीठांवरून ओरडत आलो की ज्ञानाला कुंपण नको. मला टाळ्या मिळाल्या, कुंपण तसंच राहिलं. आणि इथे जगाच्या कानाकोपऱ्यातली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, एक शब्द न बोलता ते कुंपण काढून बसली आहेत! मी एक फाइल उघडून पाहिली. मधेच कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलंय: ‘हे का चालतं ते मला माहीत नाही. हात लावू नका.’ इतका प्रामाणिक लेखक मला अजून दुसरा भेटलेला नाही. मी घड्याळजींसमोर या सगळ्यावर वीस मिनिटं बोललो. ते म्हणाले, “बरोबर आहे साहेब. स्क्रू तुमच्या मुठीत राहिलाय.”

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

लिहायच्या त्या कार्यक्रमातल्या सूचना परक्या भाषेत होत्या. सहावीच्या मुलींना त्या कळेनात. पण परवान्यात स्पष्ट म्हटलंय ना, बदलावं? मी जाहीर केलं की मी हे सगळं आपल्या भाषेत आणतो. एक हजार एकशे चाळीस वाक्यं! घरी हिच्या नव्याकोऱ्या रुंद लॅपटॉपवर बसून तीन आठवड्यांत पुरी केली. आणि दादा, मी नुसतं भाषांतर केलं नाही. मूळ वाक्यं फार कोरडी होती. ‘फाइल सापडली नाही’, बस्स! सहावीतल्या पोरीशी असं बोलतात? मी लिहिलं: ‘आपण शोधत असलेली फाइल तूर्त येथे आढळत नाही, तथापि निराश न होता पुन्हा शोध घ्यावा, कारण शोधणाऱ्याचेच जग असते.’ जिथे ‘चूक’ असा शब्द होता तिथे मी मुलीला दोष द्यायचं नाकारलं आणि लिहिलं: ‘जे घडले त्यात आपला अपराध नाही, यंत्रालाही मर्यादा असतात, हे आपण समजून घ्याल अशी खात्री आहे.’ नुसतं ‘जपून ठेवा?’ असं होतं, तिथे तर माझी लेखणी थांबेना. तुमच्या पुतणीने फोन केला. “बाबा, मूळ वाक्य दोन शब्दांचं आहे.” मी म्हटलं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं कमी असेल.

हिच्या लॅपटॉपवर ती वाक्यं एका ओळीत अशी ऐटीत पसरायची की मी चहाचा कप घेऊन नुसता बघत बसायचो.

गेल्या मंगळवारी रंगीत तालीम ठेवली. तेरा यंत्रांसमोर तेरा मुली. पहिल्या यंत्रावर जिला समितीसमोर बसवायचं ठरलं होतं, ती चष्मेवाली. (नाव विचारलं तर सांगते, पण शाळेत सगळ्या तिला चष्मेवालीच म्हणतात.) ती पाऊण तास मान वर न करता लिहीत होती. एका छत्रीची गोष्ट. ती छत्री दर वेळी चुकीच्या माणसाबरोबर घरी जाते आणि प्रत्येक घरात काहीतरी ऐकून येते. मी मागून वाचत होतो. दादा, मला पुढे काय होतं ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. मग तिने कार्यक्रम बंद करायला घेतला आणि पडद्यावर चौकट आली. चौकटीत माझं वाक्य होतं: ‘आपण आत्तापर्यंत परिश्रमपूर्वक साकारलेले हे लेखन काळाच्या ओघात हरवू नये म्हणून ते जपून ठेवण्याची आपली मनापासून इच्छा…’ आणि तिथे पडदा संपला.

शाळेतले पडदे जुने आहेत, चौकोनी, अरुंद. वाक्य लांब, म्हणून चौकट लांब. चौकटीची दोन्ही बटणं उजव्या टोकाला, आणि ते टोक पडद्याबाहेर, भिंतीच्या दिशेने कुठेतरी. तेराही पडद्यांवर तेच. तेरा मुली माझं अर्धं वाक्य मोठ्याने वाचत होत्या. पाठांतर असेल असं त्यांना वाटलं.

चष्मेवालीने विचारलं, “आजोबा, आता काय दाबू?”

मला माहीत नव्हतं. पण दादा, मला माहीत नाही असं मी कधी कोणत्या सभेत म्हटलंय का? मी ठणठणीत आवाजात सांगितलं, “एंटर दाब, बाळ. निर्धास्त दाब.”

तिने दाबलं. पडद्याबाहेरच्या दोन बटणांपैकी जे आधीपासून निवडलेलं होतं ते ‘जपू नका’ निघालं. (तेही मी पाच शब्दांत लिहिलं होतं, पण ते आता जाऊ द्या.) छत्री गेली. तिने फाइल शोधली. यंत्राने तिला सांगितलं की शोधणाऱ्याचेच जग असते.

ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “हे थोडक्यात सांगता येत नाही का?” मी म्हटलं, गोष्ट पुन्हा लिही, मी तुला मदत करतो. ती म्हणाली, “आधी तुमचं बटण दिसू दे, मग लिहीन.” मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी समिती येईल.” आणि गेल्या. मागच्या भिंतीशी दोन मोडकी बाकं आणून ठेवली होती. माझी खात्री आहे की ती सकाळी नव्हती.

मग मी कापायला बसलो. घड्याळजींनी फूटपट्टीने पडदा मोजून सांगितलं की चौकट ऐसपैस बसायची तर वाक्याला पाच-सहा शब्द, बटणाला एक, फार तर दोन. मी पहिलं वाक्य घेतलं. एक शब्द काढला. त्याच्या जाण्याने जे नुकसान झालं ते भरून काढायला तीन घालावे लागले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य दीडपट झालं. घड्याळजी म्हणाले, द्या इकडे. त्यांनी तासाभरात दोनशे वाक्यं उरकली. तपासलं तर सगळ्यांच्या जागी एकच शब्द होता: ‘बघा’. पुतणीला विचारलं. ती म्हणाली, “बाबा, तांत्रिक सगळं मी करते, पण सहावीच्या मुलीला दोन शब्दांत कसं समजवायचं ते मला येत नाही. ते येणारा आपल्या घरात एकच माणूस आहे.” मी विषय बदलला.

पण विषय बदलला तरी तार कार्यालयाची ती खिडकी डोळ्यांसमोरून जाईना. मी कॉलेजात असताना तुमचा डबा घेऊन यायचो तेव्हा बाकावर बसून पाहायचो. माणसं यायची, हातात चुरगळलेला कागद, त्यावर चाळीस चाळीस शब्द, रडं, राग, आजार, लग्न, सगळं एकात एक. तुम्ही वाचायचात, पेन्सिलीने काही शब्दांवर रेघ ओढायचात आणि कागद परत करायचात. माणूस वाचायचा आणि मान हलवायचा. एकदाही कोणी म्हटलं नाही की माझं काहीतरी राहिलं. तेव्हा मला वाटायचं, हा माणसांची वाक्यं मारतो आहे. मी तिथेच ठरवलं की मी शब्दांची काटकसर कधी करणार नाही. (हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.)

आणि बाबा गेले तेव्हा तुम्ही मला दौऱ्यावर तार केलीत. पाच शब्द. ‘बाबा गेले. थांबलो आहोत. ये.’ मी तेव्हा चिडलो होतो. बापाच्या मरणालाही या माणसाला सहावा शब्द सुचला नाही? काल ती तार खणातून काढली. (हो, आहे.) घरी पोचायला मला दीड दिवस लागणार होता आणि तुम्ही सगळ्यांना थोपवून धरलं होतंत. ते ‘थांबलो आहोत’ मी काल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात आणखी काही घालता येतं का, ते मी तासभर पाहिलं. नाही येत.

असो. पत्र जरा वाढलं. तुम्हाला काही त्रास द्यावा असा हेतू नाही. गुडघ्याला जपा. एवढ्या लांबचा प्रवास या वयात झेपत नाही, हे मला समजतं. समिती, खोली, बाकं, हे आमचं आम्ही बघून घेऊ. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. – सोबत एक जाड पाकीट आहे. त्यात ती एक हजार एकशे चाळीस वाक्यं छापून ठेवली आहेत आणि एक लाल पेन्सिल. पेन्सिल टोक काढून ठेवली आहे. हे पोस्टानेही परत करता येईल, पण गुरुवार जवळ आहे आणि काही वाक्यांच्या बाबतीत मी समोर नसेन तर तुम्हाला वाद घालायला कोणी मिळणार नाही.

ता. क. २ – वाचनालयाच्या सभेत चाळीस मिनिटं झाली होती असं वर लिहिलं आहे. ही माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते आहे, एक तास पन्नास मिनिटं. तिने घड्याळ पाहिलं होतं. पहिल्या घंटेला पन्नास मिनिटं झाली होती, दुसरीला सव्वा तास. तेव्हा तिसरी वाजवायची गरज होती, असं माझंही आता मत आहे. ती घंटा अजून तुमच्याकडे असेल तर येताना आणा. घड्याळजींनी विचारली आहे.

ता. क. ३ – हिचं म्हणणं, दादा हे पत्र दुसऱ्या पानापुढे वाचणार नाहीत, त्यांनी आयुष्यात कुणाचं वाचलेलं नाही. म्हणून पाकिटाच्या बाहेर, पत्त्याच्या खाली, मोठ्या अक्षरांत मी तुम्हाला वेगळा मजकूर लिहिला आहे. दुपारभर खपलो त्याच्यावर. आधी बावीस शब्द होते. तो असा:

यंत्रं उठली. मुली थांबल्यात. या.